सायकल धरून चालणारी माय

माझ्या आईला सायकल चालवता येत नाही. तरी दिघोरीत ती कित्येक महिने रोज माझ्या भावाची जुनी सायकल हातात धरून बांधीवर, म्हणजे आमच्या धानाच्या शेतावर, जायची. सीटवर कधी बसली नाही. हँडलवर दोन्ही कोपरं टेकायची, पाठीतून वाकायची आणि सायकल ढकलत निघायची. कॅरिअर रिकामं, हँडलला पिशवीही नाही. चक्कीवर दळणाला बसलेली माणसं तिची मजा घ्यायची.

"का वो आजी, सायकल शिकून राहिली का या उमरीत?"

"हव. पुढच्या साली मोटार शिकीन," माय म्हणायची आणि न थांबता पुढे जायची.

ती न थांबता पुढे जायची, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिच्या ऑपरेशनचा निर्णय पुढे त्या सायकलीवरून सुरू झाला. तो प्रसंग आठवला की दुकानात गिऱ्हाईक समोर असलं तरी मला तो सांगावासा वाटतो, आणि मी बहुतेक वेळा सांगतेही.

माझं साकोलीला हायवेलगत कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. धंदा असा की यादी केल्याशिवाय भागत नाही, आणि ती सवय घरातही शिरली आहे. खताच्या जाहिरातींचे पाठकोरे कागद माझ्या पर्समध्ये कायम असतात. भाऊ मला चिडवतो, "ताई झोपाच्या आधी बी यादी करते, कोनतं सपन पाहाचं ते." असू दे. त्या वर्षी याच कागदांनी मला भानावर ठेवलं.

मायची तक्रार अशी होती की ती कुणालाच पटत नसे. चालायला लागली की पोटऱ्या भरून यायच्या, पायांत मुंग्या यायच्या, पाय आपले राहिले नाहीत असं वाटायचं. बसली की सगळं उतरायचं. आधी ती तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन यायची. मग चक्कीपर्यंतच जायला लागली. मग बोरिंगच्या हातपंपापर्यंत, आणि तिथल्या ओट्यावर बसून राहायची. पण रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, उतरली की हीच बाई सकाळपासून चिखलात वाकलेली, हातातली पऱ्ह्यांची म्हणजे रोपांची जुडी भराभर संपवत, सगळ्या बायांच्या पुढे असायची. तेव्हा पाय दुखत नसत.

"रोवाले वाकते तवा बरी रायते अन् जरा चालली का दुखते?" भाऊ म्हणायचा. "माय, तुले चालाचा कंटाळा आला. दुसरं काई नाई."

"कंटाळा तुह्या बापाले होता चालाचा," माय म्हणायची. "माहे पाय भरून येतेत, तं येतेत."

आमच्या धानाच्या मुलखात कुणाचीही कंबर किंवा पाय दुखले की बोट रोवणीकडे जातं. जन्मभर वाकली, मणके झिजले, संपलं. आम्हीही तसंच धरून चाललो आणि पुढचं सगळं त्याच हिशेबानं केलं. त्या हंगामात भावानं तिला रोवणीला येऊ दिलं नाही. मी साकोलीहून पट्ट्या असलेला, पाठ ताठ ठेवणारा चांगला कंबरपट्टा आणला. भावजयीला बजावलं, की सकाळ-संध्याकाळ मायला पट्टा घालून चालायला लाव, वाकू देऊ नको. भावजय बिचारी मागे मागे फिरायची, "ताठ चाला मायबाई, ताठ." पट्टा घातल्यावर माय बोरिंगपर्यंतही पोचेना.

"या पट्ट्यानं माहे उरलेसुरले पाय बी जातेत," ती म्हणाली.

"सवय नाई तुले, होईन सवय," मी म्हणाले.

मग ती आमची नजर चुकवून सायकल घ्यायला लागली.

साकोलीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घ्यायला सांगितलं. खर्चाची सोय मी आणि भावानं मिळून केली, ते पुराण इथे नको. रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांतली जागा अरुंद झाल्याचं लिहिलं होतं. नागपूरचे एक मणक्याचे सर्जन आठवड्यातून एकदा भंडाऱ्याला तपासायला येत, त्यांच्याकडे आमचा नंबर लागला. मी पाठकोऱ्या कागदावर प्रश्न काढले. ऑपरेशन करावंच लागेल का, नाही केलं तर काय, केलं तर नेमकं काय कापणार, भूल कशी, बीपीच्या गोळ्यांचं काय, धोके कोणते, घरी आल्यावर कुणी काय करायचं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. बसमध्ये माय आणि भावाशेजारी बसून मी तो पुन्हा पुन्हा वाचत होते. माय खिडकीतून कुणाचा धान कसा आहे ते बघत होती.

भंडाऱ्याला दवाखान्याच्या दारातच मामा उभा. मायचा धाकटा भाऊ, करडीला असतो. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण बहिणीच्या मणक्याची गोष्ट कळल्यावर तो घरी थांबणारा माणूस नव्हे.

"बाई," तो मायला म्हणाला, "एक सांगतो, मंग तुमचं तुमी पाहा. आमच्या करडीत एका जनानं मणक्याचं ऑपरेशन केलं. चालता-फिरता गडी. त्या दिवसापासून चाकाच्या खुर्चीवर हाये. मी रोज पायतो त्याले."

 बाकावर बसल्यावर मायनं माझा हात धरला, आणि तिचा हात थंड होता.

आम्ही चौघं आत गेल्यावर मी कागद काढला. डॉक्टर म्हणाले, "तुमचे सगळे प्रश्न घेतो. आधी मला यांच्याशी बोलू द्या." मग मायकडे वळून त्यांनी विचारलं, "चालता चालता पाय भरून आले की नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावं लागतं?"

"बसाच लागते. नाई तं वाकाच लागते."

"वाकून बरं वाटतं?"

"वाकली का मले काईच होत नाई जी. रोवणी करतो मी दिवसभर." मग आमच्याकडे एक नजर टाकून, "करत होतो. आता करू देत नाई हे."

भाऊ घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आनखी एक हाये. सांगाले जरा बरं नाई वाटत. ते सायकल हातात धरून फिरते. सायकल येत नाई तिले. लोकं हासतेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कशी धरता सायकल? दाखवा बरं."

मायनं खुर्चीतून उठून समोरच्या टेबलावर कोपरं टेकली आणि पाठ वाकवली. "अशी. मंग बांधीवरी जातो मी. कोठी थांबाचं काम नाई."

"आणि सायकल नसली तर?"

"बोरिंगवरच बसतो."

डॉक्टर चक्क हसले. "आजी, मला जे विचारायचं होतं ते तुम्ही करूनच दाखवलंत."

मी खुर्चीच्या टोकावर आले होते. त्यांनी प्लॅस्टिकचा मणका पुढे ओढला आणि तो आधी ताठ केला, मग वाकवला. मणक्यांच्या मागच्या बाजूने एक पोकळी जाते, तिच्यातून पायांकडे नसा उतरतात. वयानुसार हाडं आणि आतले पडदे जाड होतात आणि ती पोकळी अरुंद होते. माणूस ताठ उभा राहिला, चालला, की ती आणखी आवळली जाते. वाकला की जरा उघडते. म्हणून रोवणीत त्रास नाही आणि रस्त्यावर आहे. म्हणून सायकल!

मला टाळी वाजवावीशी वाटली. मी खरंच हात वर उचललेही होते, ते पदर सारखा करून खाली घेतले. इतके महिने आमच्या समोर घडत होतं आणि आम्ही ते उलटं वाचत होतो. मायचं काहीच मनाचं नव्हतं. तिचे पाय अगदी बरोबर सांगत होते.

"मंजे पाटाची मोरी गाळानं भरते तसं," भाऊ म्हणाला.

"साधारण तसं. फक्त इथे पाणी तुंबत नाही, नसा दाबल्या जातात. आणि एक लक्षात ठेवा. नुसता हा एमआरआय बघून मी ऑपरेशनचं नाव काढलं नसतं. या वयात पुष्कळ लोकांच्या फोटोत अशी अरुंद जागा दिसते आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. फोटो आणि तक्रार जुळायला लागते. यांची जुळते." मग त्यांचं लक्ष मायच्या कमरेकडे गेलं. "हा पट्टा कुणी दिला?"

"मी," मी म्हणाले.

"त्यानं त्या ताठ राहतात. काढून टाका."

मायनं तिथंच, सगळ्यांसमोर, पट्टा चर्रकन सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घे तुहा."

मामासुद्धा हसला.

त्यानंतर माझा कागद सुरू झाला आणि डॉक्टरांनी एकही प्रश्न टाळला नाही. ऑपरेशन करायलाच हवं का? नाही, आज तरी नाही. पायातली ताकद शाबूत आहे. पाऊल उचलेनासं झालं, लघवीवरचा ताबा गेला, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर मात्र लगेच यायचं, तेव्हा विचार करत बसायचं नाही. तसं काही होत नाही तोवर वेळ आहे. नाही केलं तर? काही जणांचं वर्षानुवर्षं आहे तसंच राहतं, काहींचं चालणं हळूहळू कमी होत जातं. वाकून करायचे व्यायाम आहेत, गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे. त्यानं दिलासा मिळतो, पण अरुंद जागा रुंद होत नाही. केलं तर? मागून छोटी चीर द्यायची आणि नसांवर दाब देणारं हाड आणि पडदा काढायचा. मणके सरकलेले नाहीत, त्यामुळे सळ्या-स्क्रूची गरज दिसत नाही. धोके? जखमेत पू होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, नसांवरचं आवरण फाटून आतलं पाणी झिरपू शकतं, क्वचित नसेला इजा होऊन पाय आणखी अशक्त होऊ शकतो. भुलीचा धोका आहे, वय आणि बीपी धरून. बहुतेकांचं चालणं सुधारतं. सगळ्यांचं सुधारत नाही.

मी भराभर लिहून घेत होते. डॉक्टर म्हणाले, "लिहिणं पुरे. आता तुमच्यापैकी कुणीतरी मला सांगा, मी काय म्हणालो."

मामा पुढे सरसावला. "मंजे असं, का ऑपरेशन केलं का कंबर ठीक."

"नाही. कंबर नाही. पाय. हे ऑपरेशन पायांसाठी आहे, चालण्यासाठी. कमरेचं दुखणं आहे तसंच राहू शकतं. कंबर बरी होईल म्हणून करून घेतलंत तर नंतर मला शिव्या द्याल. पुन्हा सांगा."

मामानं दुसऱ्या खेपेला बरोबर सांगितलं. शाळेत उत्तर आल्यासारखा इकडेतिकडे पाहायला लागला.

माझे प्रश्न संपले तेव्हा डॉक्टर मायला म्हणाले, "आता तुम्ही विचारा. तुम्हाला काय हवं आहे?"

माझ्या दोन्ही बाजूंनी भरलेल्या कागदावर हा प्रश्न नव्हता. मायनं तो प्लॅस्टिकचा मणका हातात घेऊन वाकवून पाहिला.

"चालता येईन मन्ता," ती म्हणाली. "पन मंग वाकता येईन का?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "सुरुवातीचे काही महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. नंतर हळूहळू थोडं वाकता येईल. दिवसभर चिखलात वाकून रोवणी? ते मी करा म्हणणार नाही. किती जमेल ते आज सांगताही येणार नाही. खोटं कशाला बोलू?"

"मंजे आता वाकता येते, चालता नाई येत," माय म्हणाली. "तुमी चालाले देसान अन् वाकाचं घेऊन जासान."

"बहुतेक तसंच. म्हणून तुम्हीच ठरवा. घाई नाही. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा, सीडी घेऊन जा. मला वाईट वाटणार नाही."

बाहेर आलो तेव्हा मी अक्षरशः उडत होते. दुखण्याला नाव मिळालं होतं, वाट दिसत होती, मला तर तिथल्या तिथे तारीख ठरवायची होती. आणि माय बसस्टँडच्या कठड्याला टेकून, वाकून उभी होती. रोवणीत पुढे राहणारी बाई होती ती. पहिली जुडी तिच्या हातची, गाणं तिनं उचलायचं, मग बाकीच्या बाया. हे सोडायचं म्हणजे काय ते मला कागदावर मांडता येत नव्हतं. मी तोंड बंद ठेवलं. मला ते सोपं जात नाही.

घरी मतांचा बाजार भरला. भाऊ म्हणाला थांबू, आणखी एक वर्ष पाहू. मामा फोनवरून रोज करडीच्या गड्याची आठवण द्यायचा. भावजय मला हळूच म्हणाली, "मायबाई रातच्या उठतेत अन् पाय चोळत बसतेत. पन इच्चारलं तं सांगत नाई." माय व्यायाम करत होती, सायकल ढकलत होती आणि ऑपरेशनवर काहीच बोलत नव्हती. मी दुसऱ्या डॉक्टरांना सीडी दाखवून आले. दुखणं तेच, म्हणाले. व्यायामावर हिवाळा काढून बघायला हरकत नाही, पण चालायची इच्छा असेल तर ऑपरेशन योग्य आहे.

"मंग आयकाचं कोनाचं?" भावानं विचारलं. "एक मन्ते करा, दुसरा मन्ते थांबा."

"दोघं एकच सांगून राहिले," मी म्हणाले. "ठरवाचं मायनं."

पण माय ठरवेना, आणि का ठरवत नाही ते मला तिच्या थंड हातावरून माहीत होतं. एका सकाळी दुकान नवऱ्यावर सोपवून मी थेट करडी गाठली. मामाला सांगितलंच नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कुठे राहतो, हे पहिल्याच पानठेल्यावर कळलं. त्याचं स्वतःचंच दुकान होतं, मोबाइल दुरुस्तीचं. खुर्चीत ऐटीत बसून तो कुणाच्या तरी फोनचं मागचं झाकण उचकटत होता. मी कोण, कशाला आले, ते सरळ सांगितलं.

त्यानं झाकण बाजूला ठेवलं. "तुमच्या मामानं असं सांगतलं? ऑपरेशनानं मी खुर्चीवर आलो?"

"हव."

"बाप्पा! अवो ताई, मी मोहाच्या झाडावरून पडलो. फांदी तुटली अन् मी खाली. तठीच पाय गेले. मले गाडीत घालून नेलं तवा कंबरेखाली चिमटा घेतला तरी समजत नवतं. ऑपरेशन मंग झालं. डॉक्टरनं पयलेच सांगतलं, पाय येतीन का नाई, भरोसा नाई, पन मणका बांधला तं बसता येईन." त्यानं खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. "पाहा, बसलो नाई का? दुकान चालवतो. गावानं मले जाताना पायलंच नाई, येताना पायलं. मनून ऑपरेशनावर आळ."

मी इतकी मोठ्यानं हसले की शेजारच्या सलूनमधून एक जण अर्ध्या दाढीनं डोकावला. मग मला वाटलं, हसायची गोष्ट नव्हती. पण तो स्वतःच हसत होता.

"मामाले सांगजा," तो म्हणाला, "मी मोहावरून पडलो होतो, डॉक्टरवरून नाई. अन् तुमच्या मायले सांगजा, आपलं दुखनं आपलंच रायते. माह्यावरून ठरवू नोका."

परतीच्या बसमध्ये मी ओळख नसलेल्या दोन बायांना ही हकीकत सांगितली.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. ज्या गावाची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे, सोयरे, लेकी-जावई. दुकानं, पाळणे, दंडारीचे खेळ, आणि मैदानात नाटकाचा मांडव. दिघोरीच्या मंडईला मी सकाळीच पोचले आणि मामा तर माझ्याही आधी आला होता. अंगणात सगळे चहा पीत असताना मी करडीची हकीकत सांगितली, निरोपासकट.

मामानं कप खाली ठेवला. "मी त्याले इच्चारलं नवतं," तो म्हणाला. "असं कोनाले इच्चारतेत का, तू कसा लंगडा झाला मनून?"

"रोज पायतो मनत होता ना रे?" माय म्हणाली.

"पायतो ना. इच्चारत नाई." मग एकदम तो चिडला. "तुले काई झालं तं मी कोनाकडे येऊ मंडईले? त्या भीतीनं बोलतो मी. तुले का वाटते, मले डॉक्टरचा राग हाये?"

 मायनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

दुपारी सगळे मंडईत निघाले. माय उठली, सवयीनं सायकल घेतली, फाटकापर्यंत आली आणि थांबली. पुढचा रस्ता माणसांनी गच्च होता. बांगड्यांची दुकानं, पोरं, फुगेवाले. त्यात सायकल घालायला जागा नव्हती आणि सायकलीशिवाय ती बोरिंगच्या पुढे जाऊ शकत नव्हती. भावजय म्हणाली, मी थांबतो मायबाईजवळ. माय म्हणाली, तू जा. मी थांबले.

ती फाटकाला सायकल टेकवून, तिच्यावर वाकून, रस्ता बघत होती. तिच्या ओळखीच्या बाया हाक मारत पुढे जात होत्या. "ये ना वो!" "येतो, चाल तू पुढं," ती प्रत्येकीला सांगत होती.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोरी, रोवणी तं दुसरं कोनी बी करन. माह्या पायानं दुसरं कोन चालन?"

मी सायकलीचं कॅरिअर घट्ट धरलं. 

"पन धान घरी आल्याबिगर नाई," ती म्हणाली. "भारी धान उभा हाये अजून. चुरना झाला का मंग."

बस्स! पर्समधून कागद निघाला. उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी, चुरणा म्हणजे मळणी, मग ऑपरेशन, मग न वाकण्याचे महिने सगळे थंडीत आणि उन्हाळ्यात, आणि पुढची रोवणी येईपर्यंत भरपूर वेळ. धानाच्या पिकात अशी फट बघून काहीतरी बसवणं मला रोजचंच आहे. संध्याकाळी भावानं तो कागद बघितला.

"ताईनं मायचं बी पेरणीपत्रक बनवलं," तो म्हणाला. नंतर मायजवळ गेला आणि तिच्या शेजारी बसला. "खरंच ठरवलं का, माय?"

"ठरवलं."

"भेव नाई वाटत?"

"वाटते ना. मनून का ठरवू नाई?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात सहीचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं आणि पुन्हा विचारलं, सांगा आजी, मी काय म्हणालो. मायनं न अडखळता सांगितलं, "पायासाठी करून राहिलो. नसेले लागू शकते, पानी झिरपू शकते, पू होऊ शकते. कंबर दुखली तं मी बोंबलनार नाई. रोवणी सोडली." शेवटचं वाक्य डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. सिस्टर हसली. मायनं सही केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर घोटून.

ऑपरेशन ठीक झालं. नंतरचे दिवस काही मजेचे नव्हते. जखम ठणकायची, कुशीवर वळताना ती दात आवळायची, आणि मामा रोज येऊन "उशी अशी घे, तशी घे" करून सगळ्यांना वैताग द्यायचा. पण पहिल्यांदा तिला कॉरिडॉरमध्ये चालवायला नेलं ती सकाळ! खाटेवरून उतरल्यावर तिनं दोन्ही कोपरं पुढे काढली, तिथे नसलेल्या हँडलवर ठेवायला. मग तिचं तिलाच हसू आलं. हात खाली सोडले. ताठ झाली, माझ्यापेक्षा उंच वाटली मला, आणि निघाली. औषधांच्या खिडकीपाशी मी म्हणाले, "बस आता, पाय भरून येतीन."

"नाई आले," ती म्हणाली. आणखी थोडं चालून, मागे वळून, जरा मोठ्यानं, "अवो, नाई आले!"

सगळं गेलं असं नाही. उजव्या अंगठ्याच्या मुंग्या तिथेच राहिल्या. सकाळी कंबर धरते, पण ती बोंबलत नाही, कबूल केल्याप्रमाणे. ताठ चालण्याचे आणि पाठीचे नवीन व्यायाम भावजय तिच्याकडून करून घेते. सायकल भावानं पुन्हा वापरायला काढली आणि हँडल वाकडं झाल्याची तक्रार करत फिरतो.

रोवणीच्या पहिल्या दिवशी मी दिघोरीला गेले. माय माझ्यापुढे पाटाच्या कडेनं चालत होती, रिकाम्या हातानं, आणि मला तिला गाठायला पाय उचलावे लागत होते. चक्कीवरची माणसं म्हणाली, "आजी, सायकल कुठी गेली?"

"मोटार येऊन राहिली माही," ती म्हणाली.

बांधीत बाया उतरल्या होत्या. भावजय सगळ्यांत पुढे होती, मायच्या जागेवर. माय धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. या क्षणाची मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती होती. तिनं गाणं उचललं, खालून बायांनी धरलं, आणि जरा वेळ सगळं ठीक चाललं. मग तिनं गाणं मध्येच तोडलं.

"अवं, तिकडची रांग पाहा! सापावानी चालली. अन् हे कोन एवढं विरळ रोवून राहिली? मधून बैलबंडी जाईन!"

धुऱ्यावरून ती पुढे गेली, वळून मागे आली, पुन्हा पुढे गेली. जन्मभर या बांधीत वाकलेली असताना तिला आपल्या हाताखालचं तेवढंच दिसत आलं होतं. आता उभं राहून सगळ्यांचं दिसत होतं आणि ती कुणालाच सोडत नव्हती.

भावजयीनं चिखलाचे हात कमरेवर ठेवून पाठ सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, डॉक्टरले इच्चाराचं रायलं तुमचं."

"काय?"

"ऑपरेशन झाल्यावर तोंडाचं का होते ते."

"ते पयलेपासूनच असं हाये," धुऱ्याच्या त्या टोकावरून माय ओरडली. तिला इतक्या लांबून ऐकूही गेलं होतं. "खाली पाह्य. रांग पाह्य."